स्लो मिस्त्री

गाडीत बसून फेरी मारून बघणं स्लो मिस्त्रीला मंजूर नव्हतं. ड्रायव्हर तक्रार सांगू लागला की तो हात वर करून त्याला थांबवी आणि म्हणे, "स्लोवर सोड." स्लो म्हणजे गाडी उभी, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला आणि इंजिन आपलं आपण हळू चालतंय, ती अवस्था. मग मिस्त्री मडगार्डवर डावा तळहात टेकून उभा राही. पाच मिनिटं, कधी दहा. "पळताना सारेच चांगले दिसतेत," तो म्हणे. "पाय काढला का मंग समजते कोणाच्यात काय हाये ते."

त्याचं नाव यावरून पडलं होतं. आमच्या गॅरेजच्या मॅनेजरसाहेबांची समजूत मात्र अशी होती, की तो कामाला संथ म्हणून त्याला लोक स्लो म्हणतात. त्याने ती समजूत कधी दुरुस्त केली नाही.

भिलाईत संथ असणं हा त्या काळी गुन्हाच होता. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी उभी राहायची होती. जिथे कालपर्यंत धानाची शेतं होती तिथे लाल माती उकरून डोंगर केले जात होते, आणि त्या डोंगरांवर आठवड्याला एक या हिशेबाने मंडप पडत. कोनशिला, भूमिपूजन, पहिला खांब, शंभरावा खांब. मी एका यंत्राला हार घातलेला पाहिला आहे, जे त्याच दुपारी चुकीचं आलं म्हणून परत पाठवण्यात आलं. आमचा ठेकेदार मातीकामाचा. त्याचं गॅरेज सुपेल्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये होतं, तिथे चौदा ट्रक आणि त्यांचे कागद लिहिणारा एक कारकून होता. कारकून म्हणजे मी. नागपुराहून बी.ए. होऊन आलेला, इंग्रजी वळणदार लिहिणारा आणि त्याबद्दल स्वतःवर बराच खूश असलेला.

मिस्त्री भंडाऱ्याकडचा. घरची शेती भावाकडे सोडून आलेला. मराठी वाचायला त्याला येत असे, म्हणजे वर्तमानपत्राचा मथळा बोट ठेवून लागे. इंग्रजी अजिबात नाही. पण इंजिन अडखळत चालत असेल तर तो एकेका सिलिंडरची डिझेलची नळी पान्याने किंचित सैल करी आणि ऐके. सैल केल्यावर इंजिन आणखी बिघडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथेच. "हा बसून खाऊन राहिला," असं तो जाहीर करी. एकदा आमच्या ऑफिसच्या दारात उभा राहून त्याने आतल्या चार टेबलांवर नजर फिरवली आणि मला हळूच म्हणाला, "बाबू, एकेकाले ढिलं करून पायलं पायजे." मी हसलो. नंतर माझ्या लक्षात आलं की चार टेबलांत माझंही होतं.

एकदा कारखाना उभारायला आलेला एक रशियन तंत्रज्ञ रस्ता चुकून आमच्या शेडमध्ये शिरला. समोर एक ट्रक धापा टाकत होता. रशियनाने मडगार्डवर हात ठेवला, मिस्त्रीचा हात तिथे आधीपासून होताच. दोघेही बराच वेळ तसेच उभे होते. मग दोघांनी एकदमच एका नळीकडे बोट दाखवलं आणि एकदमच हसले. रशियन त्याला सिगारेट देऊन गेला. भारत-रशिया मैत्रीवर मी तेव्हा पुष्कळ भाषणं ऐकली, बहुतेक विसरलो.

सात नंबरची गाडी बिसाहूची. बिसाहू जुनवानीचा. जुनवानी तेव्हा गाव होतं. बिसाहूने तिथल्या शेतात नांगर धरला होता आणि आता त्याच हातांनी स्टिअरिंग धरत होता. मिस्त्री आणि तो दुपारी एकाच झाडाखाली डबा खात. मिस्त्री त्याच्याशी मराठी बोले, तो मिस्त्रीशी छत्तीसगढी, आणि दोघांना वाटे की दुसरा हिंदी बोलतो आहे.

सात नंबर स्लोवर बंद पडू लागली. पाय असेपर्यंत चाले. पाय काढला की घरघर, दोन उचक्या आणि शांत. मिस्त्रीने फिल्टर साफ केला, नळ्यांतली हवा काढली. तासभर गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच. "हवा घेऊन राहिली," तो म्हणाला, "पण कुठून ते दिसत नाही. थेंब बाहेर पडला असता तं सोपं होतं. ही आतमंधी ओढते, बाहेर काहीच सांगत नाही." मग एकेका सांध्याला ग्रीस फासून तो बसून राहिला. ज्या सांध्याला ग्रीस लागल्यावर इंजिन सुरळीत चालेल, तो गुन्हेगार. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सापडलं: टाकीजवळ पट्टीखाली झाकलेली, नखाएवढी चीर. नळी बदलायला हवी होती आणि नळी रायपूरहून यायला दोन दिवस.

नेमके दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीचे पाहुणे येणार होते. चौदाच्या चौदा ट्रक रांगेत, इंजिनं चालू, अशी मॅनेजरसाहेबांची कल्पना होती. तेराच उभ्या केल्या तर का चालणार नाही, असं मिस्त्रीने विचारलं. साहेब म्हणाले, "स्लो बढ़ा दो, बस." म्हणजे स्क्रू फिरवून इंजिन मुळातच जोरात चालेल असं करायचं. मग ते सपाटीवर, उभ्या उभ्या बंद पडत नाही; चीर मात्र हवा ओढतच राहते.

"बुखारवाल्या माणसाले पळवून राहिले तुमी," मिस्त्री म्हणाला.

"मिस्तरी, मैंने बीमारी नहीं पूछी."

मिस्त्रीने स्क्रू फिरवला. सात नंबर गुरगुरत उभी राहिली. मग तो हात पुसत माझ्या टेबलापाशी आला. प्रत्येक गाडीचं एक कार्ड असे. केलेलं काम मी त्यावर इंग्रजीत लिहायचं आणि खाली मिस्त्रीने सही करायची. ते कार्ड बघूनच गाडी कामावर निघे.

"लिवा बाबू. स्लो वाढवला. बिमारी तशीच हाये. नळी बदलेपर्यंत उतारावर नेऊ नका."

कार्डावर त्या रकान्याला दोन बोटं जागा होती. साहेब मागे उभे होते. आणि 'बिमारी तशीच आहे' हे वाक्य मला त्या रकान्यात फार गावंढळ वाटलं, हेही खरं. मी सुबक अक्षरात इंग्रजीत लिहिलं की स्लोचा दोष दूर केला आहे. मिस्त्रीने खाली देवनागरीत, प्रत्येक अक्षर सुटं काढत सही केली आणि विचारलं, "लिवलं ना?"

"लिहिलं," मी म्हणालो.

पाहुणे आले. चौदा ट्रक गुरगुरले. सात नंबर सर्वांत जोरात गुरगुरत होती, म्हणून हार तिलाच पडला.

त्यानंतरच्या दिवशी, नळी यायच्या आधी आणि मिस्त्री शेडवर पोचायच्या आत, कार्ड बघून सात नंबर कामावर गेली. पाया भरायला खणलेल्या खड्ड्यात उतरणारा मातीचा रस्ता होता. गाडी भरलेली. बिसाहूने उतारावर पाय काढला आणि इंजिन बंद पडलं. त्या गाड्यांचा ब्रेक इंजिनच्या जोरावर चाले. इंजिन थांबलं की पेडल दगडासारखं. खाली काँक्रीटची भिंत नवी बांधलेली होती. बिसाहू दुपारपर्यंत जिवंत होता.

मिस्त्री जुनवानीला गेला आणि तीन दिवस आला नाही. आला तेव्हा चौकशी लागली होती. टेबलावर हिरवं कापड, त्यामागे तीन खुर्च्या. मी कार्डांचा गठ्ठा घेऊन बाजूला उभा होतो.

"ये दस्तखत आपका है?"

"जी."

"ऊपर लिखा है, खराबी दूर कर दी गई. आपने दूर की थी?"

मिस्त्रीने कार्ड हातात घेतलं. माझ्या त्या सुबक ओळीवरून त्याने बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, पुन्हा एकदा. मॅनेजरसाहेब छताकडे बघत होते. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. एक वाक्य बोलायचं होतं आणि ते मला मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत येत होतं.

"दस्तखत मेरा है साहब," तो म्हणाला. "लिखा है तो वही होगा."

त्याला काढलं. काढताना दिलेला कागद मीच टाईप केला. त्यात त्याच्या नावापुढे निष्काळजी हा शब्द होता. भिलाईत दुसऱ्या कुठल्याही ठेकेदाराने त्याला ठेवू नये, याची ती सोय होती. मी तेव्हा नवा होतो, घरी म्हातारे आईवडील होते, वगैरे. ही कारणं मी वर्षानुवर्षं जपून ठेवली आहेत. कोणी विचारलं तर असावीत म्हणून. कोणी विचारत नाही.

तो निघाला त्या सकाळी मी भिलाईच्याच पावर हाउस स्टेशनवर गेलो. का गेलो, हे मला नीट सांगता येणार नाही. माफी मागायला म्हणावं तर मी ती मागितली नाही. प्लॅटफॉर्मवर तो ट्रंकेवर बसला होता, बाजूला गुंडाळलेली वळकटी. मला बघून सरकला आणि ट्रंकेवर जागा केली.

"गावाले जाऊन राहिलो. भाऊ म्हणे ये."

"मिस्त्री, तुम्ही त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाही?"

"कायले घेऊ? सही कराच्या आंधी वाचून दाखवा म्हटलं असतं, तं तुमी वाचून दाखवलं असतं. मी म्हटलं नाही. मले वाटलं, मी सांगतलं तेच लिवलं असंल."

रुळांच्या पलीकडे भोंगा झाला, पाळी बदलली, माणसांचा लोंढा रस्त्यावर आला. तो त्यांच्याकडे बघत बसला होता. मग गाडी दिसू लागली तसा उठला, वळकटी काखेत मारली आणि अगदी साध्या आवाजात, एखाद्या हत्याराचं नाव विचारावं तसं विचारलं,

"बाबू, एक सांगा जी. मी जे सांगतलं होतं, बिमारी तशीच हाये, ते इंग्रजीत लिवता येत नाही का?"

"येतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि ट्रंक उचलली. डब्यात चढताना मी ट्रंकेला हात लावायला गेलो, तर म्हणाला, "राहू द्या, जड नाही."