ताईच्या वर्गातली टकटक

माझी थोरली बहीण शाळेत लॅटिन आणि तर्कशास्त्र शिकवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग "अगंबाई, खरंच?" म्हणतात. आमचे वडील औषधविक्रेते. त्यांच्या दुकानातल्या जुन्या बाटल्यांवरची लॅटिन नावं वाचता वाचता हिला ते वेड लागलं. मी त्याच दुकानात गोळ्यांच्या रिकाम्या डब्या लाथेने उडवायचे. म्हणून मी त्याच शाळेत खेळाची शिक्षिका झाले.

ताईच्या वर्गात एक भलताच कायदा होता. बोलणाऱ्याच्या युक्तिवादात खोट दिसली की मुलांनी बाकावर टकटक करायची, आणि मग उठून खोट दाखवायची. उगाच टकटक केली, तर एक अख्खं लॅटिन क्रियापद सगळ्या रूपांसकट उभं राहून म्हणायचं. ताई मुद्दाम काहीतरी खोटं मांडून आमिष टाकायची. "मांजराला शेपूट असते. माकडालाही शेपूट असते. म्हणून माकड हे मांजर." की सुरू टकटक! शेजारच्या मैदानावर माझ्या वर्गाची मुलं कवायत करत. त्यांची पावलं चुकायची आणि मी चरफडायचे. ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मुलं विचार करताना आवाज होतो गं."

घरीही तेच. भावजींनी जेवताना राजकारणावर तोंड उघडलं, की ही ताटाशेजारी टकटक करायची. बिचारे हल्ली फक्त हवामानावर बोलतात.

यंदा मुख्याध्यापकांच्या डोक्यात टेबल टेनिस शिरलं. खोली हवी होती आणि सगळ्यांत कमी मुलं ताईच्या वर्गात. ताईचा वर्ग गेला, की तिचं शाळेतलं कामच संपणार होतं. तिला दुसरं काही शिकवता येत नाही आणि शिकवायचंही नाही. "एकदा वर्गात येऊन बसतो, मग ठरवू," असं ते म्हणाले. टेबल बसतंय का ते पाहायला मीही मोजपट्टी घेऊन मागे उभी राहिले. मला टेबल हवं होतं, का खोटं बोला? पण मोजपट्टी मी पाठीमागे लपवून धरली होती.

ताईने फळा स्वच्छ पुसून ठेवला होता. एरवी आवाजात साखर नसलेली ही बाई त्या दिवशी कळवळून बोलायला लागली. "सर, शाळेतली हुशार मुलं बघा. बहुतेक सगळी माझ्याच वर्गातली. म्हणजे लॅटिन आणि तर्कशास्त्राने मुलं हुशार होतात."

टकटक.

आधी एक बाक, मग सगळेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय ही कार्टी! ताईचा चेहरा पांढराफटक पडला. पण कायदा तिचाच. "बोल," ती म्हणाली.

पुढच्या बाकावरची मुलगी उठली. सगळे तिला वकिलीणबाई म्हणतात. "बाई, आधीच हुशार असलेली मुलंच तुमच्याकडे येत असतील. तुम्ही हुशार केलं, हे यातून निघत नाही."

"बरोबर," ताई म्हणाली.

मुख्याध्यापक खुशीत आले. "ऐका! तुमचीच मुलं म्हणतायत. फायदा सिद्ध झाला नाही, म्हणजे फायदा नाही. वर्ग बंद."

टकटक! आधीपेक्षा जोरात. सरांवर टकटक करायची छाती माझी एवढ्या वर्षांत झाली नव्हती.

"आता काय?" ते खेकसले.

"सिद्ध झालं नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही ना सर," वकिलीणबाई म्हणाली. "तुमचंही सिद्ध झालेलं नाही."

"मग मी ठरवू कशावरून?"

ती गडबडली. बाकीच्यांकडे पाहिलं, नाक ओढलं. "ते माहीत नाही. पण आम्हाला बाई हव्यात. हे काही सिद्ध करत नाहीये, सर. नुसतं सांगतेय."

मुख्याध्यापक चष्मा काढून पुसू लागले. मग माझ्याकडे वळले. "टेबल व्हरांड्यात मावेल का हो?"

"आरामात," मी ठोकून दिलं. व्हरांड्याचं माप मी घेतलंच नव्हतं.

"मग तिथेच मांडा," म्हणाले आणि निघून गेले.

ताईने मुलांकडे पाठ केली, डस्टर उचललं आणि फळा पुसायला लागली. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.