गादीवाल्या काकांचा झुला

गादीवाले काका गेली एकतीस वर्षं गाद्यांबरोबर एक वाक्यही विकत आले होते. गिऱ्हाईक आलं की गादीवर तळहात दाबायचा, मान डोलवायची आणि म्हणायचं, "झोळ पडला की पाठ गेली!" त्यांची स्वतःची पाठ रोज सकाळी धरलेली असायची, पण हे काही त्यांनी गिऱ्हाइकांच्या कानावर घातलं नाही. धंदा म्हटल्यावर एवढं चालायचंच.

अशा माणसाला लेकीने झुला घ्यायला लावला. महिनाभराने ती नोकरीसाठी दूरदेशी जाणार होती. त्याआधी तीन दिवस जंगलातून पायी भटकायचं आणि रात्री झाडांना कापडी झुले बांधून झोपायचं, असा तिचा बेत होता. "बाबा, तुम्हीही चला," ती म्हणाली, आणि काकांना इतका आनंद झाला की तो लपवायला ते उगाच उशा झटकत बसले. पण तिच्या अटी होत्या. गुडघ्यामुळे पाठीवर सहा किलोंच्या वर ओझं नको. आणि झुल्यात झोप लागलीच पाहिजे, कारण रात्र वाईट गेली की काकांची पाठ धरणार आणि मग त्यांनाच उचलून आणावं लागणार. रविवारी दुपारी गोदामात परीक्षा. नापास झाले, तर घरी बसायचं.

काकांनी वजनाचा ध्यासच घेतला. गिऱ्हाइकांना "दहा मिनिटं झोपून बघा, मग बोला" म्हणणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः मात्र चिठ्ठीवरचे ग्रॅम वाचून सगळ्यांत हलका झुला उचलला. तीनशे ग्रॅम! मुठीत मावत होता. दुकानदाराने एक रुंद झुला दाखवला, तो पावणेदोनशे ग्रॅमनी जड. त्याने सॅकमध्ये दगड भरायला सांगितल्यासारखे काका त्याच्याकडे बघत राहिले. स्वतःचं पोट चांगलं पाच किलोंनी पुढे आलंय हे त्यांना माहीत होतं, पण ते सॅकमध्ये थोडंच धरतात.

शुक्रवारी त्यांनी गोदामाच्या दोन खांबांना झुला बांधला आणि हाताच्या सवयीने झोळ काढत काढत पार ताणला. तळहाताने दाबून बघितला. वा! मग बसले. क्षणभर बसले, एवढंच. पुढच्या क्षणी ते खाली रचलेल्या मालावर आडवे होते आणि झुला वर रिकामा हलत होता. "शाब्बास," ते स्वतःलाच म्हणाले, "गादीवाला पडला तोही गादीवरच."

लेकीने येऊन दोऱ्या ढिल्या केल्या. "अहो बाबा, ह्याला झोळ हवाच. आणि त्यात तिरकं झोपायचं, म्हणजे पाठ सरळ राहते." पण त्या चिंचोळ्या झुल्यात तिरकं व्हायला जागाच नव्हती. पाठीची कमान झाली, खांदे कानांना टेकले. काकांनी निमूटपणे तो परत करून रुंद झुला आणला आणि वाढलेल्या वजनापायी सॅकमधली स्वतःच्या हाताने भरलेली उशी बाहेर काढली. काढताना जीव तुटला.

रविवारी ते त्यात तिरके पसरले. पाठीला खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोला? पण झोप कुठली यायला! समोर लेक घड्याळ घेऊन बसलेली आणि परीक्षेच्या धास्तीने काकांचे डोळे टक्क उघडे. अर्धा तास गेला. आता ही एकटीच जाणार, आणि तशीच पुढे निघून जाणार! शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि घोरायला सुरुवात केली. चांगलं खर्जात, मधूनमधून एखादी शिटी.

थोड्या वेळाने लेकीने फोन लावला. "आई, नाटक करतायत गं," ती हळूच म्हणाली. "बाबांचं घोरणं मी ओळखत नाही का? … नाही, डोळा नाही लागलेला. … हो, तरी नेणार. पाठ धरली तर धरली, आणीन हळूहळू. आता परत मला तीन दिवस बाबा कधी मिळणार?"

काकांची शिटी मध्येच अडकली. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात शिरलं, आणि झोपलेल्या माणसाला ते पुसताही येईना.