शेवटच्या कपड्यांचा भाव

जावई लाउरीला आता दुकानात जाता येत नाही, हे लेक यानपिंगने फोनवर सांगितल्यापासून हाँग लीचूच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जाता येत नाही म्हणजे तो दारापर्यंत जातो, आत शिरतो, दुधाच्या फडताळासमोर उभा राहतो आणि तिथेच उभा राहतो. हात थरथरतात, मानेवर घाम येतो. एकदा दुकानातल्या मुलीने त्याला खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. आता घरातलं मीठमिरचीसुद्धा यानपिंगच आणते. तिकडे दूर फिनलंडमधून यानपिंगने हे सगळं कांदे महागल्याचं सांगावं तशा सुरात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बाबांच्या वर्षश्राद्धाला मी एकटीच येईन, आई. तू स्वतः बोलावल्याशिवाय तो तुझा उंबरा चढणार नाही. आणि बोलाव असं मी तुला म्हणत नाहीये."

वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले होते. त्या दिवसानंतर सुतकाची खूण उतरवायची, फोटोभोवतालचं काळं कापड काढायचं. ज्याला त्या दिवशी घरात घेतलं नाही, तो मग घरचा राहत नाही, असं चीनच्या किनाऱ्यावरच्या छ्वानचौमध्ये कोणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक असतं. लीचूच्या छातीवर तीन आठवड्यांचा हा दगड होता.

लीचूला बाजारात ओळखत नाही असा माणूस नव्हता. तिची आई बंदरावर शिंपल्या विकायची. टोपलीच्या कोणत्या बाजूला चांगला माल असतो आणि विकणारी कोणत्या बाजूला हात घालते, हे लीचू चालायला लागायच्या आधी शिकली. पुढे साखर कारखान्याच्या खानावळीची खरेदी तिने एकतीस वर्षं सांभाळली. पाचशे माणसांचं जेवण आणि मोजका पैसा, त्यामुळे घासाघीस हा तिच्या हाडात मुरलेला गुण होता. हवी ती वस्तू ती कधी आधी हातात घेत नसे. नको असलेल्या कोबीचा भाव विचारायची, तोंड वाकडं करायची, आणि जाता जाता हव्या असलेल्या आल्याला बोट लावून "हे असलं कोण घेतं?" म्हणायची. मग पाठ फिरवून चालू लागायची. सातआठ पावलांत मागून हाक यायचीच. वर फुकट कांद्याची पात घेतल्याशिवाय सौदा पुरा झाला असं ती मानत नसे. तिच्या पिशवीत स्वतःचा लहानसा वजनकाटा असे. मासेवाली आ-फेन म्हणायची की लीचू मावशी आली की माझे मासेसुद्धा पोट आत घेतात.

अशा बाईच्या पदरी लाउरीसारखा जावई पडला. दगडाच्या कंपनीत ग्रॅनाइट पारखणारा, सव्वासहा फूट उंच, पापण्यासुद्धा पांढऱ्या. बाजाराने त्याच्या नावाचं लगेच लाओ ली करून टाकलं, म्हणजे म्हातारा ली, आणि तिशीतला माणूस त्या नावाला ओ देऊ लागला. त्याच्या देशात पाटीवर लिहिलेला भाव हाच भाव. पहिल्या हिवाळ्यात तो कालवं आणायला गेला, आ-फेनने सांगितलेले पैसे मोजून दिले आणि वर आभार मानले. लीचूने त्याच पावली जाऊन निम्मे पैसे परत आणले. पण गोष्ट फुटली होती. नंतर तो गल्लीत दिसला की दोन्हीकडून हाका सुरू व्हायच्या, "ओ जावईबापू, इकडे या, तुमच्यासाठी ठेवलंय!" लीचूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजारणींना ती सांगायची, लेकीने आणला तो नवरा नाही, बाजाराची दिवाळी आहे.

मग तिने त्याला हाताशी धरलं. सहा वर्षं, दर शनिवारी सकाळी, पुढे ही टीचभर सासू आणि मागे पिशव्या घेतलेला तो झाडासारखा माणूस. खोड काढणारा तोच खरा गिऱ्हाईक, हे तिने त्याला पहिल्या दिवशी सांगितलं. जो वाहवा करतो तो घेत नाही, ज्याला घ्यायचंय तोच उलटून पालटून दोष काढतो. पाठ कशी फिरवायची हेही शिकवलं. त्याला ते फार अवघड गेलं. पाठ फिरवली की तो खरंच निघून जायचा. हाका मारून आ-फेनचा घसा बसायचा आणि हा पोहोचायचा बसथांब्यावर.

शेवटी एका शनिवारी त्याने एकट्याने लांब शिंपल्यांचे तीन युआन कमी करून घेतले. जेवताना ते त्याने चार वेळा सांगितलं. लीचूचा नवरा, सू मिंगहाय, बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला अबोल माणूस. त्याने उठून स्वतःच्या हाताने जावयाला तांदळाची दारू ओतली आणि म्हणाला, "लीचू, हा आता तुझाच पोरगा. माझं काही चाललं नाही, याचंही चालणार नाही."

मिंगहाय फेब्रुवारीत गेला, चिनी नवं वर्ष लागून नऊ दिवस झाले होते. सकाळी चहा गाळताना खाली बसला तो बसलाच. अंग ताठ होण्याआधी नवे कपडे अंगावर चढायला हवेत. कर्ती माणसं सत्तरी ओलांडली की हे कपडे आधीच आणून पेटीत ठेवतात. मिंगहायची पेटी रिकामी होती. लीचू आणि यानपिंग त्याला कोमट पाण्याने पुसत होत्या, धाकटा दीर गावाहून निघाला होता, घरात दुसरा पुरुष नव्हता. लीचूने लाउरीच्या हातात नोटांची पुरचुंडी कोंबली आणि त्याला देवळामागच्या गल्लीतल्या, या कपड्यांच्या दुकानात पिटाळलं. काय सांगायचं, काय नाही, हे सांगायचं तिला सुचलं नाही. तो धावत गेला आणि पाऊण तासात धावत आला. तोवर नणंद आली होती, शेजारीपाजारी जमले होते. लाउरीने गाठोडं खाली ठेवलं. डोळे सुजलेले, पावसाने केस कपाळाला चिकटलेले. उरलेल्या नोटा सासूपुढे धरून तो म्हणाला, "आई, दुकानातली आजी दोन हजार आठशे म्हणत होती. मी दोन हजारांत आणलं."

त्या नोटा घ्यायला कोणी हात पुढे केला नाही.

मेलेल्याच्या कपड्यांचा भाव करत नाहीत. देवाच्या उदबत्तीचा करत नाहीत, आणि याचा तर नाहीच. सांगतील ते निमूटपणे द्यायचं असतं. इथे जितकं कापलं, तितकं तिकडे त्या माणसाच्या ताटातून कापलं जातं. रांगेत त्याला मागे ढकलतात, त्याच्या हातातला पैसा कोणी घेत नाही. नणंदेने तोंडावर पदर धरावा तसा हात धरला. आणि लीचू, जिने त्याला सहा वर्षं शिकवलं होतं, सगळ्यांदेखत बोलली, "माझ्या माणसाला तू तिकडे भिकारी करून पाठवलंस."

लाउरीला शब्द कळले. अर्थ कळायला यानपिंगच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं. मग तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. दुसरे कपडे आणायला वेळ नव्हता, तेच चढवले. दुखवट्याचा एकोणपन्नासावा दिवस पार पडला आणि इतकी वर्षं टाळलेली मायदेशी बदली त्याने मागून घेतली. निघताना तो वाकला, "आई, येतो," म्हणाला. लीचू भांडी पुसत राहिली.

पुढच्या महिन्यात मिंगहाय दिसू लागला.

स्वप्नात नाही. भर सकाळी, बाजारात. आ-फेनच्या फळीपुढे पाचसहा बायका उभ्या असायच्या आणि सगळ्यात शेवटी तो, अंगावर चढवून पाठवलेल्या त्याच निळ्या भरड्या डगल्यात, उजवा हात पुढे केलेला, मुठीत नोट. नवी बाई आली की ती त्याच्या पुढे शिरायची. तो सरकून जागा द्यायचा, तक्रार नाही. जिवंतपणीही त्याने कधी केली नव्हती. लीचू जवळ जायची तेव्हा तिथे ओली फरशी असायची आणि बर्फाचे तुकडे. आ-फेन विचारायची, "मावशी, काय देऊ?" लीचूला आपण काय घ्यायला आलो तेच आठवायचं नाही. मिळेल ते मिळेल त्या भावाने घेऊन ती घरी यायची. आ-फेनने दोनदा तिच्यामागे धावत येऊन पैसे परत दिले, म्हणाली, अशी नका वागू मावशी, मला भीती वाटते तुमची.

यानपिंगच्या फोननंतर मात्र लीचूच्या मनाने एकच धरलं. आठशे युआन. ते पुरे करून टाकले की मिंगहायचा नंबर लागेल, लाउरीचे हात थांबतील, आणि लेकीसमोर आपल्याला तोंड वर करता येईल. शनिवारी दुपारी जेवण न करताच ती पाकीट घेऊन देवळामागच्या गल्लीत गेली.

त्या दुकानात कोणी 'या' म्हणत नाही, 'पुन्हा या' तर नाहीच. फू आजी गल्ल्यामागे भुईमूग सोलत बसली होती. ऐंशीची असेल. लीचूने पाकीट पुढे ठेवलं आणि सांगितलं, गेल्या फेब्रुवारीतले आठशे राहिलेत. आजीने पाकिटाला हात लावला नाही.

"आणखी कुणाला न्यायचंय तुला?" ती म्हणाली.

लीचूने हात मागे घेतला. आजीने मग सरळच सांगितलं, की एका माणसाच्या कपड्यांचे पैसे दोनदा घेतले तर दुसऱ्या माणसाचे कपडे विकल्यासारखं होतं. तुझ्या जावयालाही हेच सांगितलं होतं.

लीचूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आजी भुईमूग सोलता सोलता बोलत राहिली. तो परदेशी तिसऱ्या दिवशी आला होता. कोणाकडून तरी लिहून घेतलेला कागद होता हातात, आणि असंच पाकीट. मी घेतलं नाही तर बाहेर जाऊन उभा राहिला. पाऊस होता. दुकान बंद करायची वेळ झाली तरी होता. नंतर पुन्हा दोनदा आला.

"त्याने भाव पाडला," लीचू म्हणाली. तिच्या आवाजात जोर नव्हता.

"आकडा बोलला खरा. या दुकानात एकदा आकडा बोलला गेला की मी वाद घालत नाही. घरी माणूस थांबलेला असतो. दिला." आजीने टरफलं एका बाजूला सारली. "पण बाई, साठ वर्षं झाली मला इथे. पोटचे पोरगे येतात, दारातूनच म्हणतात, द्या कोणतेही, आणि पैसे टाकून फोनवर बोलत निघून जातात. हा आला तो माझा सगळा माल खाली काढायला लावला. डगला उलटा करून शिवण बघितली. पायजम्याच्या गुडघ्यात कापूस कमी आहे म्हणाला, दुसरा दाखवा. त्यांना गुडघ्याला गार लागतं, असं म्हणाला. रडत होता आणि खोड काढत होता. असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही."

मिंगहायच्या गुडघ्यांचं तिने लाउरीला कधी सांगितलं नव्हतं. ते मिंगहायनेच सांगितलं असणार, त्या दोघांच्या अबोल संध्याकाळी, वरच्या गच्चीवर.

"आणि तू तरी," आजी म्हणाली. आता ती पहिल्यांदा वर बघत होती. "तू आली होतीस की. त्याच्या आदल्या वर्षी. तीन वेळा. जावयाने नेला तोच निळा डगला हातात घेऊन बघितलास आणि ठेवून गेलीस. मी काही बोलले नाही. गिऱ्हाइकाला हाक मारायचं हे दुकान नव्हे."

लीचूने गल्ल्याची कड धरली. तीन वेळा. तिला तिन्ही वेळा आठवत होत्या. पहिल्यांदा ती भाव ऐकून निघाली होती आणि नकळत तिची पावलं सावकाश पडली होती, मागून हाक येईल म्हणून. दुसऱ्यांदा स्वतःला बजावून आली होती की सांगतील ते द्यायचं, आणि पाकिटात हात घालता घालता तिचा हात अडला. आयुष्यात पहिला सांगितलेला भाव तिने कधी दिला नव्हता. तिसऱ्यांदा म्हणाली होती, घाई काय आहे, धडधाकट माणूस आहे, उन्हाळ्यानंतर बघू. म्हणून पेटी रिकामी राहिली, आणि म्हणून एका परक्या मुलाला पावसात धावावं लागलं. हे तिने यानपिंगला सांगितलं नव्हतं, नणंदेला नाही, फोटोसमोर उदबत्ती लावतानाही नाही. ज्या खोलीत तिला स्वतःची मान खाली घालायची होती, तिथे तिने त्याला घालायला लावली होती.

"पाकीट ने," आजी म्हणाली. "त्या पैशाचं काही घेऊन खा."

ती बाहेर आली. गल्लीत कोणीतरी आल्यातलं बदक शिजवत होतं, वास सगळीकडे होता. देवळाच्या पायरीवर ती बसली. मिंगहाय उद्या रांगेत दिसेल की नाही, तिला माहीत नव्हतं. पैशाने ते मिटणार नव्हतं, हे एवढं कळलं होतं. त्या खोलीत ती जे बोलली, तेच परत घ्यायला हवं होतं, आणि ज्याला बोलली त्याच्याचपाशी. बाकीचं, तीन वेळा दुकानातून परत फिरल्याचं, तेही त्यालाच आधी सांगायला हवं होतं. लेकीमार्फत निरोप पाठवला तर लाज वाचेल, पण ती पुन्हा घासाघीसच झाली असती.

तिकडे आत्ता सकाळचे आठ वाजत असतील. शनिवार. यानपिंग पोहायला जाते, तो घरी एकटा असतो. लीचूने पाकीट पिशवीत घातलं, चष्मा पुसला आणि फोन काढला. यानपिंगचं नाव वर होतं. ते तिने सोडलं आणि खाली सरकत राहिली. गेल्या फेब्रुवारीपासून न उघडलेलं त्याचं नाव तळाशी सापडलं तेव्हा ते नाव बघूनच तिला रडू फुटलं. रडू ओसरेपर्यंत थांबायचं नाही असं तिने ठरवलं, कारण थांबली तर उद्यावर जाईल, हे ती स्वतःला ओळखून होती. तो आधी 'आई' म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. काहीही असो, आज आधी आपण बोलायचं. तिने त्याच्या नावावर अंगठा ठेवला.