कडुनिंबांतली चिंच

पौर्णिमाने स्कूटी आसेगावच्या रस्त्याला घातली, तशी मागे बसलेल्या विमलबाईंनी सुनेचा खांदा गच्च धरला.

"हळू व! मले झाडं मोजाची हायेत."

"आई, तुमी गावातल्या जयंतीच्या मिरवनुकीले आल्या का मोजनीले?"

दोन्ही बाजूंचे कडुनिंब वर एकमेकांत घुसले होते. चैताच्या भर दुपारी रस्त्यावर नुसते कवडसे नाचत होते, अन् मोहराचा कडवट-गोड वास. तीस वर्षांपूर्वी हीच झाडं विमलबाईंच्या गुडघ्याएवढी होती. रोजगार हमीवर पन्नास रोपं त्यांच्या वाट्याला आलेली. डोक्यावर घागर, कडेवर तान्हा लेक सतीश, अन् नाल्यापासून खेपा.

"कोनाले सांगू नको," विमलबाई कानाशी वाकल्या. "सदतिसावं रोप वाळलं होतं. मुकादम म्हने, रोप मेलं का कामावरून नाव कमी. मंग म्या घरची चिंच आनून लावली."

"अन् मुकादमाले दिसली नाही?"

"दिसली ना! भाऊसिंग मुकादम म्हने, या निंबाचा पाला बारीक कसा? म्या म्हटलं, गावरानी असन."

पौर्णिमा एवढी हसली की स्कूटी डुलली.

पण विमलबाई हसल्या नाहीत. मागच्या वैशाखातल्या वादळात इथली झाडं पडल्याचं वाशीमला घरी कळलं, तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर होता. आज त्यासाठीच दुखरे गुडघे घेऊन आल्या होत्या.

"चौतीस... पस्तीस..." पुढे मोकळं आभाळ. सलग तीन खुंट. विमलबाईंनी सुनेचा खांदा सोडला. "गेली व माय. फिरव गाडी."

पौर्णिमाने ब्रेक दाबला. तेवढ्यात मागून एसटी आली, त्यांना ओलांडून वळणावर थांबली, अन् कंडक्टरची हाळी ऐकू आली, "चिंच! चिंचवाले उतरा!"

पौर्णिमाने गाडी तशीच वळणापर्यंत दामटली.

"आई, मोजनी चुकली तुमची!"

वळणावर भलीमोठी चिंच उभी होती. सावलीत दगडावर एक म्हातारबुवा बसले होते. ते सरकले, "बसा बाई. आमचा थांबाच हाय हा. पन निंबाच्या ओळीत हे एकटी कशी आली, कोनाले ठाव!"

विमलबाईंनी खाली पडलेला चिंचेचा आकडा उचलला, सोलला, दाताखाली धरला. आंबटानं एक डोळा मिटला.

"गावरानी असन," त्या म्हणाल्या.