धुराचा रंग

"दाखला? कसला दाखला? केर काढल्याचा?"

धाकटे मालक दोन सोनारांसमोर असं म्हणाले. सोनार हसले. मी भट्टीजवळ उभा होतो. सतरा वर्षं या गलाईच्या दुकानात सोनं गाळून शुद्ध करतोय. तेवढं एका कागदावर लिहून द्या म्हणालो होतो. वर आणखी मालक म्हणाले, "सर बाजूला. आन् जाताना टाळकं नीट झटक."

सांगलीतल्या आमच्या दुकानात घरी निघताना चादरीवर उभं राहून कपडे झटकायचे, केस विंचरायचे, टबात हात धुवायचे. सोन्याचा कण अंगाला लागून बाहेर जाता कामा नये. दिवाळीला मालक नवे कपडे देतात आणि अंगावरचे जुने ठेवून घेतात. पहिल्या वर्षी मी जतला गावी जाऊन आईला कौतुकाने सांगितलं, मालक लय चांगलाय. पुढच्या दिवाळीला माझाच शर्ट भट्टीत जळताना बघितला. राखेतनं सोनं काढतात. मला माझीच लाज वाटली. तरी राहिलो. घरची मेंढरं विकून झाली होती, प्यायला पाणी टँकरचं. जाणार कुठे?

आता दुकानात यंत्र आलंय. दागिना ठेवला की कस सांगतं. आम्हा चौघा कामगारांतले दोघे गेले. मला अजून कुणी काही म्हणालं नाही, पण कळायचं ते कळतं. म्हणून आधीच हातपाय हलवायला लागलो. सुट्टीला कोरेगावला जाऊन एका वेल्डिंगवाल्याला काम विचारलं. माणूस चांगला होता. "वय झालं गड्या," म्हणाला. "आन् ह्यो खोकला कशाचा?"

"ॲसिडच्या धुराचा."

त्याने चहा पाजला आणि विषय संपवला. परमुलखात गलाईची दुकानं रग्गड आहेत, पण बहुतेक आमच्या मालकांसारख्या विट्याकडच्याच लोकांची, सगळे एकमेकांचे पाहुणे. तिथे गेलो तर आधी आमच्या मालकाला फोन जाणार. बायको म्हणाली, "आवं, निदान कागद तरी मागून घ्या." म्हणून मागितला होता.

दाखल्यावरनं हसले त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटे मालक मोबाईल घेऊन आले. आवाज एकदम गोड. महिनाभर असंच चाललं होतं. मी काम करता करता बोलायचं, त्यांनी व्हिडिओ काढायचा. सोनं वितळवायची मूस किती तापवायची, सोन्यात चांदी किती मिसळायची, सगळं मी सांगून बसलो होतो. मला विचारतात म्हणजे मी त्यांना लागतो, असं वाटायचं. इतका मूर्ख मी.

"आता धुराचं बोल," ते म्हणाले. "रंग बघून ॲसिड कवा वतायचं ते. तेवढंच राह्यलंय."

तेवढंच राहिलंय. तेवढं सांगितलं की मी संपलो.

"आधी कागद द्या मालक. मग बोलतो."

"आन् उद्यापास्नं येऊ नको म्हणलं तर?"

"तर न्हाई येत."

त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि गेले. कागद दिला नाही. कामावरनंही काढलं नाही, अजून.

यात जिंकलो वगैरे काही नाही. दोन-चार महिन्यांत ते दुसऱ्या कुणाकडनं शिकून घेतील. मला दुसरं काम मिळणार नाही, हेही मला दिसतंय. बायकोला तसं सांगून टाकलंय. ती डबा भरत राहिली.

रोज कामावर जातो. तांबूस धूर उठला की ते मोबाईल धरून मागे येऊन उभे राहतात. मी मधे पाठ घालतो आणि तोंड उघडत नाही. काढायचं तर काढा. डोळे जाळून शिकलोय. फुकट सांगून जाणार नाही.