राव, जेवून घ्या

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला शिकत असताना दोन वर्षं मी एका कुत्र्याच्या घरात भाड्याने राहिलो. कागदोपत्री ते घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं, पण सोफ्याची डावी बाजू कोणाची आणि स्वयंपाकघरातल्या उन्हाच्या पट्ट्यात कोणी झोपायचं, हे कुत्र्याने कधीच ठरवून टाकलेलं होतं.

घर गावाबाहेर होतं. बस जिथून परत फिरते तिथून पुढे खडीच्या रस्त्याने सायकल हाणायची, दोन्ही बाजूंना मका. माझ्या वडिलांची तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी, आणि आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे बाईंनी पहिल्याच दिवशी "मला नावाने हाक मार" म्हटलं तेव्हा माझी जीभच रेटेना. शाळेतल्या बाईंना नावाने? शेवटी मी त्यांना काकू म्हणू लागलो आणि अर्थ समजावून दिला. त्यांना तो इतका आवडला की मुलीला फोनवर सांगायच्या, "मी आता काकू आहे, बरं का!"

कुत्रा पिवळसर, लांब कानांचा, वयाने पोक्त. त्याचं नाव काकूंच्या दिवंगत यजमानांनी कुठल्याशा बेसबॉलपटूवरून ठेवलं होतं. ते उच्चारताना माझी फजिती व्हायची. पहिल्या सकाळी मी सहज विचारलं, "काय राव, झोप झाली का?" त्याने शेपटी जमिनीवर आपटली. तेव्हापासून तो राव.

सकाळचं फिरणं माझ्याकडे आलं. एका हातात त्याचा पट्टा, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी कशासाठी, हे मी वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे गिरणी बंद पडल्यासारखी शांतता झाली.

"म्हणजे त्याचं... तू उचलतोस?"

"हो अण्णा. इथे सगळेच उचलतात."

"हे गावात कोणाला सांगू नकोस. आम्ही पेढे वाटलेत."

पण त्या फिरण्याने माझं भलं केलं. एकट्या परदेशी पोराला कोण हात करणार? रावसोबत निघालो की पिकअप थांबायच्या, काचा खाली यायच्या. आधी त्याची विचारपूस व्हायची, मग माझी. माझं इंग्रजी प्रयोगशाळेपेक्षा त्या खडीच्या रस्त्यावर जास्त सुधारलं.

दुसऱ्या वर्षी, मका निघून शेतं मोकळी झाली तेव्हा काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर काही आठवडे व्यायामासाठी पुनर्वसन केंद्रात राहायचं होतं. मुलगी ओहायोत, फ्लॅटमध्ये. ती म्हणाली, "कुत्रा मी नेते." काकूंनी नकारार्थी मान हलवली. त्या वयात राव एकदा गेला की परत येणार नाही, आणि तो नसला तर "आई, आता तूही इकडेच ये" हे पुढचं वाक्य ठरलेलं होतं. त्यांना स्वतःच्या घरात परत यायचं होतं आणि दारात तो हवा होता. जाताना त्यांनी माझा हात धरला. "सांभाळशील ना, प्रोफेसर?" मला पदवी मिळायची होती तरी त्या मला तसंच म्हणत.

मी हो म्हणालो. आणि रावने जेवण सोडलं.

त्याच्या वाडग्यात कुत्र्यांच्या खाद्याच्या त्या तपकिरी गोळ्या मी काटेकोर मोजून घालायचो. तो वास घ्यायचा, माझ्याकडे बघायचा आणि मागच्या दाराशी जाऊन पडायचा. गोळ्या कोमट पाण्यात भिजवून पाहिल्या. वाडगा बदलून पाहिला. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तब्येत उत्तम आहे, मालकीणबाईंची आठवण काढतोय. सकाळी पट्टा ओढणारा राव आता चालताना मागे राहू लागला. मुलीचा फोन आला, "आठवड्याच्या शेवटी मी येतेय. खात नसेल तर घेऊनच जाईन." ती चुकीचं बोलत नव्हती.

शहरातल्या मराठी मंडळींचं दिवाळीचं जेवण होतं, तेही मी कॅन्सल केलं. पुण्याचा मित्र वैतागला. "यार, तू पीएचडी करायला आलास की कुत्रं राखायला? इकडे अनारसे आहेत!"

"इकडे उपास आहे," मी म्हणालो.

काकू रोज संध्याकाळी केंद्रातून फोन करायच्या. पहिला प्रश्न ठरलेला, "खाल्लं का त्याने?" मला खोटं बोलता येईना. त्या दिवशीही मी नाही म्हणालो. मग त्यांनी शाळेतल्या आवाजात विचारलं, "मला नीट सांग. तू जेवतोस तेव्हा तो कुठे असतो?"

हे सांगताना मला जरा अभिमानच वाटला. "काळजी करू नका काकू. मी त्याला त्रास देऊ देत नाही. त्याला मागच्या पडवीत ठेवतो, दार लावतो, माझं जेवण झालं की मग त्याला वाढतो."

आमच्या घरी हीच रीत. कुत्रं उंबऱ्याच्या बाहेर. सगळ्यांची जेवणं उरकली की आई त्याच्यासाठी राखलेली भाकरी अंगणात मोडून टाकायची. ती भाकरी कधी चुकली नाही, पण ताटासमोर कुत्रं आलं तर आजोबा घास ठेवून उठायचे. काकू घरी असताना मी जेवायला उशिरा यायचो, तोवर त्या दोघांचं आटोपलेलं असायचं. ते कसं आटोपतं, हे मी पाहिलंच नव्हतं.

पलीकडून हसू ऐकू आलं. खुबा दुखेपर्यंत हसल्या असाव्यात, कारण मध्येच "आई गं"च्या चालीवर काहीतरी इंग्रजीत ओरडल्या.

"अरे मुला! माझे यजमान गेल्यापासून तो रोज माझ्यासोबत जेवतो. माझी खुर्ची, शेजारी त्याचा वाडगा. मी घास घेतला की तो घेतो. त्याच्याच घरात तू त्याला बाहेर उभं करून एकटा जेवतोयस. तो रुसलाय!"

मी रिसीव्हर तसाच चालू बाजूला ठेवला, कुकर उघडला आणि वरणभात वाढून घेतला. पडवीचं दार उघडलं. टेबलाशी बसणं मला तेव्हा औपचारिक वाटलं, म्हणून खाली फरशीवर मांडी घातली, शेजारी त्याचा वाडगा ठेवला. राव आत आला आणि बसला. लांब नाक माझ्या ताटापासून वीतभर. माझ्या डोळ्यांपुढे आजोबा उठून गेले. मी पहिला घास घेतला आणि घरी पाहुण्याला म्हणतात तसं तोंडातून निघालं, "राव, जेवून घ्या."

तो खाली वाकला. वाडग्यात कुडुमकुडुम सुरू झालं.

मी फोन उचलला. "काकू, ऐका." रिसीव्हर वाडग्याजवळ धरला. तार पुरेना, म्हणून वाडगाच फोनकडे सरकवला. राव वाडग्यामागोमाग सरकला, पण थांबला नाही. पलीकडे काकू कोणाला तरी सांगत होत्या, "हा माझा कुत्रा जेवतोय." नंतर रडल्या की हसल्या, कळलं नाही.

आठवड्याच्या शेवटी मुलगी आली. रावने तिच्यादेखत वाडगा चाटून स्वच्छ केला. ती कॉफी पिऊन एकटीच परत गेली.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "कुत्र्याला 'घ्या' म्हणतोस?"

"घर त्याचं आहे, आई."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. "पण हात धुतोस ना?"

पहिला बर्फ पडायच्या आधी काकू घरी आल्या. राव दारात होता. वॉकरच्या पायांमधून वाट काढत त्याने त्यांना दोनदा जवळजवळ पाडलं, आणि त्या त्यालाही ओरडल्या, मलाही. त्या संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. काकूंनी काटा उचलला, पहिला घास घेतला. राव हलला नाही. वाडग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता काय झालं?" काकू घाबरल्या.

"त्याला म्हणावं लागतं," मी जरा ओशाळून म्हणालो, आणि शब्द सांगितले.

चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाई त्या. ताठ बसल्या आणि मिशिगनच्या सुरात, प्रत्येक अक्षर सुटं सुटं करत म्हणाल्या, "राव, जे-वून घ्या."

रावने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग तो जेवला.