अस्वल सर

दर जूनमध्ये पहिल्या तासाला भानुदासराव फळ्यावर पांढरं अस्वल काढायचे. हात इतका वाईट, की पोरं त्याला डुक्कर म्हणत. खडूने त्याचं पोट रंगवून ते विचारायचे, "इथं काय साठतं?" आणि स्वतःच सांगायचे, "आपण मारलेली पावडर." औरंगाबादच्या उन्हात बसून बर्फातल्या अस्वलाची काळजी वाहणारा हा माणूस आम्हा सहकाऱ्यांच्या चेष्टेचा हक्काचा विषय होता. पोरांनी तर नावच पाडलं होतं, अस्वल सर.

त्यांचा विषय प्राणिशास्त्र, माझा इतिहास. ते वाळूजकडच्या मेंढपाळ घरातले. आपल्याकडचं डीडीटी हवेने, पाण्याने पार उत्तर ध्रुवापर्यंत पोचतं. तिथे बारीक जीवांतून माशात, माशातून सीलमध्ये, सीलमधून अस्वलाच्या चरबीत साठत जातं, हे ते जीव तोडून सांगत. "चरबी काही विसरत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "अस्वल उपाशी पडलं, खंगलं, की चरबी झडते अन् साठलेलं सगळं रक्तात उतरतं." शिकवण्याच्या भरात गावची बोली अशी डोकं वर काढायची.

नामांतराच्या आंदोलनात कॉलेज बंद पडलं, तेव्हा ते मला गावी घेऊन गेले. चराईच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. उरलेल्या तुकड्यावर त्यांची आई, माय, मेंढरांच्या लोकरीत उघड्या हातांनी डीडीटी चोळत बसली होती. गोचिडीवर औषध. तेच हात पदराला पुसून तिने आम्हाला भाकरी वाढली.

भानुदासराव भडकले. "माय, कितींदा सांगितलं, इख हाय ते! तिकडं बर्फातली अस्वलं..."

"गोचिडीनं मेंढरं मेली तर तुझं अस्वल येतंय व्हय मला पोसायला?"

मी मोठ्याने हसलो. मग ती माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "सायेब, ह्या पावडरीचा पैला डबा यानंच आणला व्हता शहरातून. कालिजात शिकत व्हता तवा. लेकरांच्या उवांलाबी लावली मी. लई गुण आला."

भानुदासराव मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. माझं हसू जिरलं. हा माणूस दर वर्षी ते अस्वल का काढतो, हे मला त्या दिवशी कळलं.

काही वर्षांनी मायला पोटाचा आजार जडला. अन्न जाईना. कशाने झालं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. भानुदासराव रजा टाकून उशाशी बसले. चमच्याने पेज, तूपभात, जे जाईल ते भरवत. "माय, खंगू नको गं," म्हणत. बघणाऱ्यांना ती लेकाची माया वाटे. मला त्यातली भीती दिसत होती.

एका दुपारी मी शेजारी असताना तिने विचारलं, "भान्या, त्या पावडरीनं झालं का रं हे?"

वर्गात "मला माहीत नाही" म्हणायला कधी न लाजणारे भानुदासराव पटकन म्हणाले, "नाय माय. तिचा काय संबंध?"

"मंग बरं," माय म्हणाली आणि तिने डोळे मिटले. "साऱ्या गावाला मीच वाटली व्हती. माझ्या लेकानं आणलीय म्हणून."